एक त्याला, एक मला

आमच्या घराण्यात वाटणीची एक रीत आहे. सगळ्यात वडीलधारा माणूस सतरंजीवर बसतो, घरातल्या वस्तू एकेक करून त्याच्यासमोर येतात, आणि जोडीची वस्तू आली की तो ती फोडतो. दोन समया असल्या तर एक याला, एक त्याला. दोन परातींचंही तसंच. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते म्हणतात. त्या काळापासून ही रीत आली असेल. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, आणि पुढे तोंड वाजवायला जागा नाही.

वडिलांचं तेरावं झाल्यावर काका असेच बसले होते. समया, पराती, दोन लाकडी खुर्च्या, सगळं फुटलं. मग दोन स्पीकर आले.

"ही पण जोडीच का रे?" काकांनी विचारलं.

अण्णा, माझा थोरला भाऊ, म्हणाला, "काका, हे फोडायचं नसतं. दोन मिळून एक आहे ते. दोन्ही त्याला द्या, नाहीतर दोन्ही मला द्या."

मी शेवटचे तीन शब्द धरून बसलो. माझं डोकं भडकलं की पहिलं वाक्य पुसलंच जातं. "कॉलेज तुला, नोकरी तुला, आता गाणंही तुला? एक त्याला, एक मला. रीत ती रीत."

"साकु," काका म्हणाले. साकु म्हणजे पुरे, आमच्या घरात शेवटचा शब्द. "एक-एक."

अण्णानं आपला स्पीकर उचलला आणि दाराशी नेऊन ठेवला.

ते स्पीकर वडिलांनी एका परदेशी इंजिनियरकडून घेतले होते. तो गाव सोडून चालला होता आणि घरातलं सामान विकत होता. वडील सरकारी कचेरीत कारकून. त्यानं सांगितली ती किंमत त्यांनी दिली. वडिलांना घासाघीस येत नव्हती. मला ती कुठून आली कोण जाणे. गुडघ्याएवढ्या उंचीच्या दोन पेट्या, अक्रोडाच्या रंगाचं लाकूड, पुढे काळं कापड, कापडामागे मोठा कागदी कोन आणि वर एक लहान. आमच्या लाल फरशीच्या हॉलमध्ये वडिलांनी त्या भिंतीला लावून, एकमेकींपासून चार हातांवर, जरा आत वळवून ठेवल्या. समोर आपली खुर्ची. रविवारी सकाळी ते नाट्यसंगीताची रेकॉर्ड लावायचे आणि आम्हा दोघांना खुर्चीजवळ उभं करून विचारायचे, "डोळे मिटा. बाई कुठे उभी आहे?"

आम्ही डोळे मिटून बोट दाखवायचो. दोघांचं बोट एकाच जागी जायचं. दोन पेट्यांच्या मधोमध, भिंतीवर, जिथे कॅलेंडर होतं. तिथे काहीच नव्हतं, आणि बाई तिथेच उभी राहून गात होती. डावीकडे तबला, उजवीकडे ऑर्गन, मध्ये ती. वडील खूश होऊन मांडीवर थाप मारायचे. स्पीकरची जोडी म्हणजे हेच असतं, दुसरं काही नाही. दोन्ही पेट्या अगदी सारख्या बोलल्या तर मधल्या मोकळ्या जागेत माणूस उभा राहतो. एकाच पेटीत तो आत कोंडलेला असतो.

वाटणीनंतर माझ्याकडे कोंडलेली बाई आली, अण्णाकडेही तशीच.

आता माझा राग सांगतो, नाहीतर मी सुम्मने भांडखोर वाटेन. काही कारण नसताना म्हणजे सुम्मने. आमच्या मराठीत असे कानडी शब्द पिढ्यान् पिढ्या बसलेले आहेत, मी ते काढत नाही. वडील असतानाची गोष्ट, अण्णा एकोणीस वर्षांचा आणि मी सोळा. घरात एकाच्याच शिक्षणाला पुरेल एवढं होतं. अण्णा गणितात हुशार, तो कॉलेजात गेला. मला वडिलांनी इथे म्हैसुरात, देवराज मोहल्ल्यात एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायला बसवलं. कुणी मला विचारलं नाही. तिथून मी उठलो तो स्वतःच्या हिमतीवर. पाडलेल्या घरांचे सागवानी दरवाजे घ्यायचे, खिडक्या, खांब घ्यायचे, आणि ज्यांना नव्या घरात जुनं लाकूड हवं असतं त्यांना विकायचे. मंडी मोहल्ल्यात आज माझं मोठं गोदाम आहे. मला कुणी काही दिलं नाही, आणि मी कुणाकडून फुकट काही घेतलं नाही. हे वाक्य मी आयुष्यभर इतक्या वेळा म्हटलं आहे की आता म्हणताना लाज वाटते.

पैसा आल्यावर मी माझा स्पीकर सुधारायला काढला. कोनाभोवतीची फोमची कड भुकटी होऊन गळत होती, बोट लावलं की काळी पूड यायची. जवळच वरच्या मजल्यावर एक म्हातारे मेस्त्री रेडिओ, अँप्लिफायर दुरुस्त करायचे. त्यांना मी सांगितलं, "बाजारात सगळ्यात चांगलं जे असेल ते बसवा." कोनाला रबराची नवी कड लागली. आतले जुने कपॅसिटर जाऊन नवे आले, जाड तांब्याची वायर आली, आत लोकर भरली. वरचा लहान कागदी कोन, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो काढून रेशमी कापडाचा नवा बसवला. जुन्या ट्वीटरचं काय करू, मेस्त्रींनी विचारलं. मी म्हणालो, "तुम्ही ठेवा, बिलातून तेवढं कमी करा." मी तेव्हा तिथून आनंदात उतरलो.

पण त्याआधी मेस्त्री एक बोलले होते. "साहेब, याचा जोडीदार कुठे आहे?"

"भावाकडे."

"मग त्यालाही आणा. एका डोळ्याला चष्मा कुणी करतो का?"

मी हसलो, पण ते लागलं. एका रविवारी सकाळी अण्णाकडे गेलो. आधी फोन करून सांगितलं होतं, स्पीकर बघायला येतो.

त्याचा स्पीकर हॉलमध्ये स्टुलावर होता, वर वैनींनी विणलेलं पांढरं आच्छादन, मागून रेडिओला जोडलेला. लाकूड नुकतंच तेलानं पुसल्यासारखं चमकत होतं. मी आत आलो, चप्पल काढली आणि सरळ जाऊन बोटाच्या पेरानं पेटीवर ठोकून पाहिलं, जसं मी दारावर ठोकतो.

माझ्या धंद्यात हवी असलेली वस्तू हवी म्हणायची नसते. आधी तिच्यातली खोट काढायची. मी हे ठरवून करत नाही, तोंड आपोआप करतं.

"कड गेली आहे," मी म्हणालो. "कोन पिवळा पडला. इथे तळाला लाकूड फुगलंय, पाणी लागलंय. याचं आता काय राहिलंय, अण्णा?"

अण्णा माझ्यासाठी कॉफी गार करत होता, या पेल्यातून त्या वाटीत. त्याचा हात थांबला. "मग कशाला आलास?"

"जोडीला ठेवीन म्हणतो. बोल, काय देऊ?"

"काय देऊ म्हणजे?"

"किंमत रे. तुझ्या तोंडानं सांग, मग मी सांगतो."

वैनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "भावजी, अहो, हे तर सकाळपासून..."

"तू गप्प बस," अण्णा त्यांना म्हणाला. माझ्याकडे वळला. "मी तुला हा असाच देणार होतो. सकाळपासून पुसत बसलो होतो. दोरी पण आणून ठेवली आहे बघ, बांधून द्यायला. आता नाही देणार."

इथे मी गप्प बसलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण फुकट हा शब्द माझ्या कानाला सहन होत नाही. "फुकट घ्यायला मी भिकारी आहे का? किंमत सांग, मोजून देतो."

"किंमत सांगितली तर मी विकणारा, तू घेणारा. मग भाऊ कोण?"

"भाऊ! मी काजं करत बसलो होतो तेव्हा कुठे होता भाऊ?"

"मी एकोणीस वर्षांचा होतो रे," अण्णा म्हणाला. तो ओरडला नाही. तो कधीच ओरडत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. "मला तरी कुणी विचारलं होतं?"

मी कॉफी तशीच ठेवून निघालो. सहा वर्षं आम्ही बोललो नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात मी चांदीचं ताट दिलं आणि न जेवता आलो. माझा स्पीकर माझ्या हॉलमध्ये एकटा उभा होता. पाहुणे म्हणायचे, काय आवाज आहे! मी म्हणायचो, जोडी नाही, नाहीतर अजून काय ऐकवलं असतं. जोडी का नाही, असं विचारलं की विषय बदलायचो.

गेल्या वर्षी त्याच मुलीचा फोन आला. तिला मराठी थोडंच येतं, मध्येच कानडीत जाते; मला, धाकट्या काकाला, चिक्कप्पा म्हणते आणि अण्णाला अप्पा. "चिक्कप्पा, अप्पांचा एक कान गेला. पूर्ण. दुसरा पण जातोय. डॉक्टर म्हणाले थोडे महिनेच. मशीन लावून पण नाही येणार, नस वाळली म्हणे. रोज त्या डब्याला कान लावून बसतात. आवाज फुल. शेजारचे बोलतात. तुम्हाला सांगू नको म्हणाले, म्हणून सांगतेय."

दुसऱ्या दिवशी मी माझा स्पीकर, अँप्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, सगळं मालाच्या रिक्षात घालून अण्णाच्या दारात उभा राहिलो. एकच मनात होतं. त्याचा उरलेला कान आहे तोवर त्याला ती जोडी ऐकवायची, आणि मग सांगायचं, माझं चुकलं. क्रम असा ठरवला होता. आधी माल, मग बोलणं. हासुद्धा धंद्याचाच क्रम.

अण्णानं दार उघडलं. खूप बारीक झाला होता. माझ्याकडे, मग रिक्षाकडे बघितलं. "काय रे, दुकान इकडे आणलंस?"

आम्ही दोघांनी मिळून पेट्या मांडल्या. भिंतीला लावून, चार हात अंतर, जरा आत वळवून. कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही. समोर खुर्ची ठेवली, त्यात त्याला बसवायला गेलो तर तो म्हणाला, "तू बस. मला एकाच कानानं ऐकू येतं, मला मधली जागा कळायची नाही. दोन कान लागतात त्याला. तू ऐक आणि मला सांग, बाई मध्ये आली का. मी मानतो. पण खरं सांगायचं हं, व्यापाऱ्यासारखं नाही."

मी रेकॉर्ड लावली, खुर्चीत बसलो, डोळे मिटले.

बाई मध्ये आली नाही. ती माझ्या पेटीकडे सरकून उभी होती, जवळजवळ आत शिरलेली. माझा स्पीकर लख्ख, तीक्ष्ण, प्रत्येक स्वराला धार. त्याचा मऊ, जुना, जरा दबलेला. दोघं एकच ओळ गात होते पण दोन वेगळ्या घरांतून. वडिलांनी आणल्या तेव्हा या पेट्या एकसारख्या होत्या. अण्णाची तशीच राहिली. माझी मी सुधारून सुधारून परकी केली होती.

"आली?" अण्णानं विचारलं.

तुझ्यात दम राहिला नाही, कड गेली आहे, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते गिळलं. "नाही. माझ्यात काम आहे," मी म्हणालो.

"काय?" त्यानं चांगला कान माझ्याकडे केला.

"माझ्यात खोट आहे, अण्णा. माझ्या पेटीत."

"हे लिहून दे," तो म्हणाला, आणि वैनी आतून हसल्या. कितीतरी वर्षांनी त्या घरात मी असताना कुणी हसलं. तेव्हाच बोलून टाकायला हवं होतं. कान होता, माणूस समोर होता, सगळे हसत होते. पण बाई मध्ये आली नव्हती, आणि माझा क्रम ठरलेला होता.

"दोन्ही घेऊन जा," अण्णा म्हणाला. "सारखे करून आण. वेळ लावू नकोस फक्त."

त्याचा स्पीकर बाहेर नेताना मी ते रिकामं स्टूल पाहिलं, ज्यावरच्या डब्याला तो रोज कान लावून बसायचा. तेव्हा काही वाटलं नाही.

मेस्त्री म्हणाले, "याच्या कोनाला नवी कड लावतो. तुमच्यातलं बाकी राहू दे, ते चालेल. ट्वीटर तेवढा जुना कागदी मिळवा. माझ्याकडचा कधीच एका रेडिओत गेला." मी म्हैसूरभर हिंडलो. शेवटी माझ्याच गोदामामागच्या गल्लीत, जुन्या टीव्ही-रेडिओच्या ढिगात एक मोठा रेडिओग्राम सापडला, रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच लाकडी पेटीत असलेला, आणि त्यात अगदी तसाच कोन. भंगारवाला म्हणाला, सुटा देणार नाही, पूर्ण पेटी घ्यावी लागेल. किंमत सांगितली. फार नव्हती. माझ्या एका दरवाज्याच्या कडीकोयंड्याएवढी.

आणि मी म्हणालो, "याला वाळवी लागली आहे. कोण घेणार?" निम्मी किंमत सांगितली आणि चालू लागलो.

चालू लागलं की मागून हाक येते. हाक आली नाही तर आठ-दहा दिवस तिकडे फिरकायचं नाही, मग सहज गेल्यासारखं जायचं. तोवर विकणारा नरमलेला असतो. चाळीस वर्षं मी असाच वागत आलो. त्या दिवशी हाक आली नाही. मी वळलो नाही. माझा भाऊ बहिरा होत होता, आणि मी एका भंगारवाल्याला नरम पडायला वेळ देत होतो. मधल्या दिवसांत वैनींचा एकदा फोन आला. "झाले का हो ते? हे विचारत असतात. त्या कोपऱ्यात बसून राहतात सुम्मने." मी म्हणालो, या आठवड्यात नक्की.

दहाव्या दिवशी गेलो. भंगारवाला नरमला होता. मला निम्म्या किमतीत मिळालं.

मेस्त्रींनी ट्वीटर बसवला, आवाज जुळवला. माझ्या घरी पेट्या लावल्या, मधल्या खुर्चीत बसलो. पहिल्या ओळीतच बाई भिंतीपाशी येऊन उभी राहिली. मधोमध. मी लगेच अण्णाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शेवटी वैनींनी उचलला.

"त्यांना घंटी ऐकू येत नाही, भावजी," त्या म्हणाल्या. "परवापासून. सकाळी उठले आणि मला म्हणाले, आज पाखरं कुठे गेली."

मी पेट्या घेऊन गेलोच. काय करणार होतो कोण जाणे. अण्णा हॉलमध्ये रिकाम्या स्टुलाच्या बाजूला बसला होता, मांडीवर वही आणि पेन. आता त्याच्याशी बोलायचं ते लिहून. मला बघून त्याचा चेहरा उजळला. त्यानं दोन्ही पेट्या बघितल्या आणि विचारलं, फार मोठ्यानं, कारण त्याला आता आपलाही आवाज कळत नव्हता, "आली का रे मध्ये?"

मी हो म्हणून मान हलवली. तो समाधानानं हसला. मी सांगितलेलं त्यानं मानलं.

त्याच्या समोर जमिनीवर बसलो. "अण्णा, माझं चुकलं," मी म्हणालो.

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला.

"माझं चुकलं," मी मोठ्यानं म्हणालो. मग अजून मोठ्यानं. मला वाटलं, कुठेतरी एखादी नस उरली असेल, जोरात बोललं तर तिच्यातून जाईल. मी ओरडलो. माझ्या गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंड लाल झालं असणार, मूठ कधी वळली कळलं नाही. त्या दिवशी कॉफी ठेवून उठलो तेव्हा माझा जो चेहरा त्यानं पाहिला होता तोच आत्ता त्याच्यासमोर होता. माझ्याकडे मोठ्यानं बोलायचा दुसरा चेहरा नाही.

अण्णाचं हसू विझलं. तो खुर्चीत मागे सरला. "आता परत काय झालं?" तो म्हणाला. "घे ना दोन्ही. मी कधी नको म्हणालो? भांडायला आलास का?"

वैनी दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, बहुतेक शेजाऱ्यांनीही.

मी त्याच्या मांडीवरची वही घेतली. लिहायला खूप होतं. पण मराठी लिहायची मला सवय राहिली नाही. भांडायला आलास का, याचं उत्तर म्हणून मी 'नाही' एवढंच लिहिलं आणि वही त्याच्यासमोर धरली. त्यानं चष्मा लावून ते वाचलं, आणि पुढचं लिही म्हणून वही परत माझ्याकडे सरकवली.